घड्याळाची सीमा कुणाला विचारून?

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बेळगावात सूर्य उगवतो तो सात वाजून दोन-तीन मिनिटांनी. त्याच दिवशी गुवाहाटीत तो सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपासच वर आलेला असतो. संध्याकाळी तिथे पाचच्या आत मावळतो, आपल्याकडे साडेसहाला थोडा अवकाश असताना. दोन्हीकडची घड्याळं मात्र एकच वेळ दाखवतात. देशाला एक वेळ असावी की दोन, हा वाद अधूनमधून वर येतो. ईशान्येतला एखादा मुख्यमंत्री मागणी करतो, दिल्ली नाही म्हणते, विषय मागे पडतो. सीमाभागातल्या मराठी माणसाला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. माझ्या मते पुष्कळ आहे. दूरच्या कचेरीत नकाशावर ओढलेली रेघ घरातल्या रोजच्या जगण्यात कुठवर शिरते, हे १९५६ पासून आपण जितकं पाहिलं तितकं देशात थोड्यांनीच पाहिलं असेल. म्हणून आपण यावर बोललं पाहिजे. माझं म्हणणं असं की, ईशान्येला तिची वेळ द्यावी, पण ती रेघ लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटा पाहून आणि त्यांना विचारून ओढावी. आपल्या भागाला वेगळ्या घड्याळाची गरज नाही. आपल्याला शाळेची घंटा बदलून हवी आहे.

आधी हिशेब. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे एका रेखांशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. देश पसरलाय पश्चिमेला कच्छमधल्या ६८ अंशांपासून अरुणाचलातल्या ९७ अंशांपर्यंत. कच्छच्या टोकाला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा अरुणाचलच्या टोकाला माध्यान्ह होऊन जवळजवळ दोन तास झालेले असतात. बेळगाव ७४.५ अंशांवर, मिर्झापूरच्या पश्चिमेला आठ अंश, म्हणून बत्तीस मिनिटं मागे. आपली माध्यान्ह सरासरी बारा बत्तीसला होते. फेब्रुवारीत ती पावणेएकपर्यंत सरकते आणि नोव्हेंबरात सव्वाबारापर्यंत अलीकडे येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्याचा हा परिणाम. बेळगाव आणि बेंगळुरू यांच्यात सूर्याचा फरक बारा मिनिटांचा. बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यात जेमतेम एका मिनिटाचा.

गावागणिक वेळ वेगळी असते हे आपल्या घरात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. संकष्टीचा उपवास सोडताना चंद्रोदयाची मुंबईची वेळ कुणी बघत नाही, आपल्या गावासमोर छापलेली बघतात. रमजानात मशिदीत लागणारं सहरी-इफ्तारचं वेळापत्रक त्या-त्या गावाचं असतं. कचेरीसाठी देशाची वेळ आणि उपवासासाठी गावाची वेळ, अशा दोन वेळा आपण पिढ्यानपिढ्या सुखाने पाळत आलो आहोत.

इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. गुवाहाटी साधारण ९१.७ अंशांवर. मिर्झापूरपासून ती सदतीस मिनिटं दूर, आपण बत्तीस. अंतर जवळपास सारखंच, फक्त दिशा उलटी. मग त्यांना वेगळं घड्याळ आणि आपल्याला नको, हा कुठला न्याय? उत्तर कामाच्या दिवसात आहे. कचेरी दहाला उघडते आणि साडेपाचला बंद होते. या दिवसाचा मध्य येतो पावणेदोनला. आपली माध्यान्ह त्याच्या सव्वा तास आधी होते. कामावरून सुटल्यावर बाजार, दळण, गुरांचं पाणी, पोरांचं खेळणं एवढं उरकेपर्यंत उजेड पुरतो. जूनमध्ये आपल्याकडे सातनंतरही दिसत असतं. गुवाहाटीत माध्यान्ह अकरा तेवीसला होते, कामाच्या दिवसाच्या मध्यापेक्षा दोन तास वीस मिनिटं आधी. जूनमध्ये तिथे साडेचारला सूर्य उगवतो. दहाला कचेरी उघडेपर्यंत साडेपाच तासांचा उजेड वाया गेलेला असतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि उरलेला तासभर दिवे लावून काम करावं लागतं. हे झालं गुवाहाटीचं. अरुणाचलातल्या डोंगसारख्या टोकाच्या गावाला यात आणखी वीसेक मिनिटांची भर. मिनिटं सारखी असली तरी त्यांचं ओझं सारखं नाही. सूर्य घड्याळाच्या मागे राहिला तर आपल्याला संध्याकाळ मिळते. तो पुढे गेला तर त्यांची सकाळही जाते आणि संध्याकाळही.

आसामातल्या चहामळ्यांनी यावर इंग्रजांच्या काळातच उपाय काढला. तिथे बागान टाइम चालतो, प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे. मजूर त्या वेळेने मळ्यात जातात, त्याच वेळेने परत येतात. १९५१ च्या मळा कामगार कायद्यासारख्या कायद्यांचा अशा स्थानिक वेळेला आधार मिळत आला. मळ्याच्या फाटकाच्या आत एक वेळ आणि बाहेर दुसरी, असं चालून दीडशे वर्षांच्या आसपास झाली, तरी त्यामुळे आसाम देशापासून तुटला नाही. २०१४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी हीच वेळ साऱ्या राज्याला लावायचं बोलून दाखवलं. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने वेगळ्या वेळेची याचिका फेटाळली, आणि त्याच वर्षी अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी पुन्हा मागणी केली. २०१८ मध्ये तर राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीच दोन वेळांचा प्रस्ताव मांडला. देशाची अधिकृत वेळ सांभाळते तीच ही संस्था. घड्याळ राखणारेच सांगताहेत की ईशान्येला एक तास पुढची वेळ देता येईल, तेव्हा ते धुडकावून लावण्याआधी दिल्लीने चांगलं सबळ कारण द्यायला हवं होतं. मिळालं ते 'सामरिक कारण' एवढंच, आणि त्याचा खुलासा लोकांसमोर झाला नाही.

उलट २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने नियमांचा मसुदा काढला. कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी व्यवहारात भारतीय प्रमाणवेळच वापरली पाहिजे, दुसरी वेळ चालणार नाही, असा त्याचा रोख. बँका, मोबाइल कंपन्या, वीजजाळं यांची घड्याळं एका अणुघड्याळाशी जुळवणं गरजेचंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण सेकंद अचूक ठेवणं वेगळं आणि साऱ्या देशाला एकाच तासाला बांधणं वेगळं. अमेरिकेत सेकंद एकच आहे आणि मुख्य भूमीवर तास चार आहेत. अशा नियमांत बागान टाइम कुठे बसतो, हे त्या मजुरांना स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे.

वेळ एक केली की देश एक होतो, हा समज तपासून बघायचा तर चीनकडे बघावं. चीन पूर्व-पश्चिम साठ अंशांहून जास्त पसरलेला. १९४९ च्या आधी तिथे पाच वेळा होत्या; नंतर साऱ्या देशाला बीजिंगची एकच वेळ लावली. सगळ्यात पश्चिमेच्या शिंजियांगमध्ये त्यामुळे हिवाळ्यात सूर्य उगवायला नऊ-दहा वाजतात. तिथल्या उइगुर लोकांनी दोन तास मागची स्थानिक वेळ सोडली नाही. हान लोक बीजिंगच्या वेळेने बोलतात, उइगुर उरुमचीच्या. एकाच गल्लीत भेटीची वेळ ठरवताना कोणती वेळ, हे विचारावं लागतं, आणि तुमच्या मनगटावर काय वाजलंय त्यावरून तुम्ही कोणत्या बाजूचे हे ओळखलं जातं. दुकानाची पाटी, बसवरची अक्षरं, सातबारा कोणत्या भाषेत मिळणार यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरवलं जाणं किती जाचक असतं, हे बेळगाव-निपाणी-खानापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वरून लादलेल्या एकाच घड्याळाने तिथे माणसं जवळ आली नाहीत.

आपल्याकडेही हे एकदा घडून गेलंय. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटं. रेल्वे देशभर मद्रासच्या वेळेने धावायची. १८८१ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन याने शहरावर मद्रासची वेळ लादली. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढची. गिरणी कामगारांना अंधारात कामावर जावं लागणार म्हणून ते चिडून रस्त्यावर आले. बंगालच्या फाळणीचा तो काळ, सरकारविषयी राग होताच. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली आणि ती टिकली थेट १९५५ पर्यंत, स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं.

१९५५ हे साल माझ्या मनात रुतून बसलंय. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला. मुंबईची वेळ शहरापुरतीच होती हे खरं. पण ती जर साऱ्या मुंबई राज्याची असती आणि आणखी दोन वर्षं टिकली असती, तर राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने कागलच्या खाली घड्याळाचीही सीमा पडली असती. निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणारी मुलं रोज एकोणचाळीस मिनिटं मागे-पुढे करत बसली असती. चंदगड तालुक्यातून शिनोळीवरून बेळगावच्या बाजाराला आणि दवाखान्याला येणारी माणसं, बेळगावातून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारा भाजीचा टेम्पो, मिरजेला गाडी बदलणारा प्रवासी, सगळ्यांच्या डोक्यावर आणखी एक हिशेब बसला असता. भाषा, शाळा, नोकरीची परीक्षा, उताऱ्यावरची लिपी, सगळ्यांत ती सीमा आली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. घड्याळ तेवढं तिच्यातून सुटलं, आणि आपल्या दोन्ही अंगांच्या गावांना ते एकच राहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

म्हणून दोन वेळांच्या बाजूने बोलतानाच मी रेघ कुठून जाते याबद्दल हट्टाने बोलतो. ऑस्ट्रेलियाची दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवावीत. क्वीन्सलँड राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं न्यू साउथ वेल्स करतं. कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स ही राज्यसीमेवर एकमेकांना चिकटलेली गावं. रस्त्याच्या या बाजूला एक वेळ, त्या बाजूला तासाने पुढची, आणि हे दरवर्षी कित्येक महिने चालतं. घर इकडे आणि नोकरी तिकडे असलेल्या माणसाने काय करावं? याउलट ब्रोकन हिल. हे खाणीचं गाव न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, पण घड्याळ पाळतं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाचं, कारण त्याचा व्यापार आणि रेल्वेचा संबंध पहिल्यापासून ॲडलेडशी. गाव कोणत्या राज्यात आहे याला तिथे घड्याळापुरतं महत्त्व दिलं गेलं नाही. गाव कुणाकडे जातं-येतं याला दिलं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ब्रोकन हिलचा नकाशा पाहून जे वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

तिसरा एक मार्ग सुचवला जातो, त्याचाही विचार करू. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी मांडलं की देशाचे दोन भाग न करता सगळ्यांचंच घड्याळ अर्धा तास पुढे करावं. संध्याकाळच्या विजेची बचत होईल, रेघ ओढावी लागणार नाही. कागदावर हे सगळ्यात सोपं दिसतं. पण त्याची किंमत भरणार कोण? पश्चिमेकडचे. बेळगावात जानेवारीतला सूर्योदय साडेसातच्या पुढे जाईल, कच्छमध्ये आठच्या आसपास. शेतकऱ्याचं घड्याळ आज मुळात हेस्कॉम या वीज कंपनीच्या थ्री फेज पुरवठ्यावर चालतं, रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला त्याला विहिरीवर जावं लागतं. त्याला अर्ध्या तासाने फार फरक पडणार नाही. पडेल तो लहान मुलांना. पूर्वेचा अन्याय निम्मा करायचा आणि निम्मा पश्चिमेला वाटायचा, याला तोडगा म्हणता येणार नाही.

मुलांवर मी जरा थांबतो, कारण आपल्या भागाचं खरं दुखणं तिथे आहे. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या मुलांच्या झोपेचा आणि सूर्यास्ताच्या वेळेचा संबंध तपासला. सूर्यास्त तासाभराने उशिरा असेल तर मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात, आणि त्याचा फटका शिक्षणाला बसतो, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. अंधार पडल्यावर घर निजायच्या तयारीला लागतं, पण शाळेची घंटा सूर्य बघून होत नाही, ती साधारण ठरलेल्या वेळेलाच होते. सूर्यास्त उशिरा असलेल्या ठिकाणी मूल उशिरा झोपतं आणि उठतं मात्र सगळ्यांबरोबर. बेळगाव या उशिराच्या बाजूला आहे. सकाळच्या सत्राची शाळा, शनिवारची सकाळची शाळा, साडेसातच्या आधी दारात येणारी गाडी, आणि घराघरांतून ऐकू येणारं 'उठ की रे, गाडी येईल', हे सगळं हिवाळ्यात सूर्य उगवायच्या आत सुरू होतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर वाडीवरून फाट्यापर्यंत मुलांना अंधारात चालावं लागतं, आणि त्या पट्ट्यात अस्वलं आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आदेश चंदगडला लागू, बेळगावला नाही. शिनोळीच्या मुलाला जितकी झोप लागते तितकीच सीमेच्या अलीकडच्या मुलाला लागते, आणि सूर्य दोघांच्या कौलांवर एकाच क्षणी येतो. कर्नाटक सरकारने असाच आदेश निदान बेळगाव, कारवार आणि पश्चिमेच्या इतर पट्ट्यांसाठी काढावा, अशी मागणी आपण करायला हवी. कन्नड शाळेसाठी, मराठी शाळेसाठी, उर्दू शाळेसाठी, सगळ्यांसाठी. ही मागणी करताना कुणाला कुणाच्या विरुद्ध उभं राहावं लागत नाही. कन्नड आणि मराठी पालकांनी एका कागदावर सह्या केल्या आहेत असं दृश्य आपल्या शहरात क्वचित दिसतं. या विषयावर ते दिसू शकतं. आणि त्यासाठी घटनेत, कायद्यात, घड्याळात काहीही बदलावं लागत नाही, शिक्षण खात्याचं एक परिपत्रक पुरतं.

मग ईशान्येलाही परिपत्रकच पुरे, वेगळं घड्याळ कशाला, असं कुणी म्हणेल. तिथे ते पुरत नाही. शाळेची वेळ बदलता येते, पण केंद्राच्या कचेऱ्या, बँका, विमानं, स्पर्धा परीक्षा, दूरचित्रवाणी यांना राज्याचं परिपत्रक लागू होत नाही. एकेकाची वेळ वेगळी बदलत गेलं की आई एका वेळेला, मूल दुसऱ्या वेळेला, असं घर विस्कटतं. आपल्याकडचा त्रास दिवसाच्या एका टोकाला, काही वर्गांच्या मुलांना आहे. त्यांचा आख्खा दिवस चुकीच्या जागी बसलाय.

रेल्वेची हरकत मात्र गांभीर्याने घ्यावी. वेळ बदलणाऱ्या हद्दीवर माणसाच्या हातून चूक झाली तर अपघात होऊ शकतो. म्हणूनच २०१८ च्या प्रस्तावात रेघ सुचवली ती ८९ अंश ५२ मिनिटांवर, पश्चिम बंगाल आणि आसामच्या सीमेलगत. देश तिथे चिंचोळा होतो, त्यामुळे न्यू कूचबिहार आणि अलिपूरद्वार या दोनच स्थानकांवर घड्याळाची अदलाबदल करावी लागेल. रशियाने २०१८ पर्यंत अकरा वेळांच्या देशात सारी रेल्वे मॉस्कोच्या एकाच वेळेवर चालवून दाखवली; आपणही रेल्वेच्या आत प्रमाणवेळ तशीच ठेवून तिकिटावर स्थानिक वेळ छापू शकतो.

रेल्वेच्या दृष्टीने ही जागा उत्तम निवडली आहे. पण त्या चिंचोळ्या पट्ट्यात माणसं राहतात. अलिपूरद्वार जिल्ह्यातलं कुमारग्राम आणि पलीकडचा आसामचा कोकराझार यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. इकडच्या चहामळ्यांत आणि तिकडच्या गावांत बाजार, मजुरी, सोयरिकी यांनी लोक एकमेकांत गुंतलेले असणार. सीमेवरचं कुठलंही गाव त्याला अपवाद नसतं. प्रयोगशाळेचा प्रस्ताव विजेचा हिशेब करतो, रेल्वेचा करतो. या गावांचा हिशेब त्यात कुणीतरी घालायला हवा. रेघ ठरवण्याआधी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला विचारावं की तुमचा बाजार कुठे भरतो, मुलं कुठे शिकतात, आजारी माणसाला कुठे नेता. ज्या गावाचं उत्तर पलीकडचं असेल त्याला ब्रोकन हिलसारखी पलीकडची वेळ पाळायची मुभा कायद्यातच असावी, मग ते गाव कोणत्याही राज्यात असो. प्रश्नपत्रिका बंगालीत असावी, असमियात असावी, बोडोत, राभात, नेपाळीत आणि मळ्यांतल्या सादरीतही असावी. उत्तरं द्यायला किमान एक हिवाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा, म्हणजे दोन्ही ऋतूंतला उजेड बघून लोकांना ठरवता येईल.